ताईचं ‘बरं’

प्रिय ताई,

पत्र बघून आधी घाबरू नकोस. कुणाचं काही झालेलं नाही, आम्ही सगळे धडधाकट आहोत. हातात फोन असताना हा पोपट पत्र कशाला खरडतोय, असं तुला वाटेल. फोनवर मला जमत नाही. मी बोलायला लागलो की तू मध्येच ‘बरं’ म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच अडकतं. या आठवड्यात चार वेळा फोन लावला आणि चारही वेळा तुझ्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला. भावाला एकाएकी बहिणीच्या गुडघ्यांचा एवढा पुळका कुठून आला, म्हणून तू हसलीही असशील. तर हे पत्र सुनेकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लावून, दाराला कडी घालून, अक्षर लावत लावत का होईना, स्वतः वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

पहिली बातमी सांगून टाकतो. आपल्या तक्रारीचा निकाल आला. धोबीघाटावरच्या चाळीस घरांनी एकवीस महिने ज्या कागदाची वाट बघितली, तो बावीस पानांचा कागद माझ्या टेबलावर पेपरवेटखाली पडलाय. गुरुवारी अकरा वाजता तुमच्या इमारतीच्या सभागृहात तो सगळ्यांना वाचून दाखवायचा आहे, आणि निकाल देणाऱ्या परदेशी मंडळींच्या भाषेतून आपल्या भाषेत सांगायचं काम माझ्याकडेच आलंय. आपण हरलो, ताई. घाट परत मिळणार नाही, आणि धुण्या-वाळवण्यासाठी दुसरी जागाही मिळणार नाही. हे आधीच लिहिलं, म्हणजे पुढची पानं तू आशेनं उलटणार नाहीस.

तुला आठवतं ना, माझी ही परकी भाषा कुठून सुरू झाली ते? हॉटेलातून धुण्याचे गठ्ठे यायचे आणि त्यात त्या भाषेतली चिठ्ठी असायची. हॉटेलचा माणूस लबाड. द्यायचा आठ चादरी, लिहायचा दहा, आणि दोन तुझ्या नावावर हरवायचा. तू चिठ्ठी माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, ‘शाळेत जातोस ना? मग वाच की.’ मला कुठलं येतंय! मग तू मास्तरांच्या घरचं धुणं घेतलंस आणि त्याच्या बदल्यात मला त्यांच्यापुढे बसवलंस. चादर, अभ्रा, टेबलावरचं कापड, डाग, जळलेलं, फाटलेलं. लोक ती भाषा नमस्कार-चमत्कारापासून शिकतात, मी मळक्या कपड्यांपासून शिकलो. चिठ्ठी मी जशी असेल तशी घडाघडा म्हणून दाखवायचो, म्हणून तू मला पोपट म्हणायला लागलीस. पुढे ऑफिसात माझ्या टेबलावर ‘दुभाषी’ अशी पाटी लागली. तू बघायला आलीस, पदराने पाटीवरची धूळ पुसलीस आणि म्हणालीस, ‘एवढं शिकून शेवटी पोपटच की रे.’ मी ते चहावाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना कौतुकानं सांगितलं होतं.

आणि तुझं ते ‘बरं’! आई म्हणायची, या पोरीनं आयुष्यात कधी कुणाला ‘नाही’ म्हटलं नाही आणि कधी कुणाचं ऐकलंही नाही. आईनं सांगावं, उद्यापासून विहिरीवर जायचं नाही. तू म्हणणार, ‘बरं.’ आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर हजर. दाजी दर सहा महिन्यांनी तंबाखू सोडल्याचं जाहीर करतात, तेव्हाही तू मान वर न करता ‘बरं’ म्हणतेस आणि डबी कुठे ठेवलीय तेही सांगतेस. डॉक्टरांनी आईचं शेवटचं सांगितलं तेव्हा मी भिंतीला धरून खाली बसलो. तू तेवढंच म्हणालीस, ‘बरं.’ मग तिच्या अंगावरची चादर बदललीस, कारण ती मळली होती. तुझ्या ‘बरं’चा अर्थ इतकाच असतो, की तुमचं बोलणं माझ्या कानावर पडलं, आता माझं मी बघते. घाटावर सगळे असंच म्हणायचे. बोलणाऱ्याला हुंकार द्यायची ती आपली रीत आहे. हे जगात कुणाला कळत नसलं तरी मला कळायला हवं होतं.

त्या नव्या इमारतीत आता तुमचं कसं चाललंय ते मी तुला काय सांगणार! चौथा मजला, दिवसाला पाऊण तास पाणी, आणि जिन्यातली ती पाटी: ‘खिडकीबाहेर कपडे वाळत घालू नयेत.’ चाळीस धोब्यांच्या इमारतीत ही पाटी! ज्याला सुचली त्याचा एकदा सत्कार करायला हवा. दाजी उतरताना तिला रोज हात जोडतात म्हणे. हॉस्पिटलच्या चादरी मशीनवाल्याकडे गेल्या, हॉटेलच्याही गेल्या. तू लोकांकडे भांडी घासायला जातेस आणि मी हळहळलो की म्हणतेस, ‘पाण्याशीच तर संबंध आहे, त्यात काय नवीन?’ मागच्या वेळी आलो तेव्हा तू कपाटातून एक जुनी चादर काढून मला कोपऱ्यातली लाल दोऱ्याची खूण दाखवलीस. हॉस्पिटलची खूण. इतक्या वर्षांत एका घरची चादर दुसऱ्या घरी गेली नाही, असं तू म्हणालीस. तू फुशारकी मारत नव्हतीस, नुसतं सांगत होतीस. मला मात्र तुझ्यापुढे बसवेना. बस चुकेल म्हणून मी निघालो, पण बसला अजून तासभर होता.

आता त्या सभेचं सांगतो. तुला ती आठवतेच, तरी माझ्या खुर्चीवरून ती कशी दिसली ते ऐक. नदीकाठच्या बंधाऱ्याचं आणि फिरायच्या रस्त्याचं काम परदेशी मदतीतून होणार होतं. मदत देणाऱ्यांचं एक निळं पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की आमच्या पैशातून होणाऱ्या कामासाठी कुणाचंही घर किंवा धंदा हलवायचा असेल, तर आधी त्याला सगळं समजावून सांगायचं, आणि त्यानं राजीखुशीनं होकार दिला तरच हलवायचं. हा त्या माणसाचा हक्क आहे. ते पुस्तक आपल्या भाषेत मीच आणलं होतं. अकरा दिवस त्याच्यात डोकं घालून बसलो होतो. ‘राजीखुशीनं’ हा शब्द सुचला तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारली होती, इतका खूश झालो होतो. तुलाही एक प्रत दिली होती. तिची जाड गुळगुळीत पानं तू मडक्याखाली घातलीस, आणि मी रुसलो होतो.

ती उंच बाई, म्हणजे परदेशातून आलेली अधिकारी, मनानं चांगली होती हे मी आजही म्हणेन. आपल्याकडचे साहेब सभा टाळायच्या विचारात होते. ‘त्यांना काय विचारायचं, भलं तर त्यांचंच होतंय,’ असं ते म्हणत. बाई अडून बसली. पुस्तकात आहे म्हणजे आहे, विचारलंच पाहिजे. म्हणून ती सभा झाली. शाळेचा तो हॉल, बाकांवर कोंबून बसलेली तुम्ही मंडळी, दाजी दाराशी उभे, आणि पहिल्या बाकावर तू, ओले हात पदराला पुसत. साहेब चाळीस मिनिटं बोलले. पक्की घरं, घरात संडास, विजेचे दिवे, लिफ्ट. ती लिफ्ट अजून यायचीय. त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर तू म्हणत होतीस, ‘बरं.’ आणि तुझ्यामागून सगळा हॉल, ‘बरं, बरं.’ बाईला त्या शब्दाची मोठी गंमत वाटली. तिनं तो वहीत लिहून घेतला. सभा संपल्यावर तू तिला विचारलंस, तिथे दिवसभर पाणी असेल का, तर तीच तुला हसून म्हणाली, ‘बरं!’ तुम्ही सगळे खो-खो हसलात. घरी येऊन तू दाजींना सांगितलंस, बाई चांगली आहे, पण पाण्याचं तिनं काही कबूल केलेलं नाही. तिचं ‘बरं’ तू कसं नेमकं ओळखलंस, ताई!

तुझं ‘बरं’ मात्र तिला ओळखता येत नव्हतं. त्यासाठीच तर मला तिथे बसवलं होतं. तिनं पहिल्यांदा विचारलं, ‘ही काय म्हणते?’ मी सांगितलं, ‘ऐकतेय.’ थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा तिनं पेन उचललं आणि सरळच विचारलं, ‘म्हणजे तिला मान्य आहे?’ मी म्हणालो, ‘मान्य आहे.’

झालं, लिहिलं एकदाचं. तीन वर्षं हे वाक्य गिळून बसलो होतो. ‘ध’चा ‘मा’ करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. मी तेवढंही केलं नाही. मोठ्या शब्दकोशात ‘बरं’पुढे तो अर्थ छापलेलाच आहे, कुणीही उघडून बघावं. कोर्टातही मी सुटेन. तू विचारशील, का केलंस? साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं की आजचं नीट पार पडलं तर पुढची पाच वर्षं दुभाषी म्हणून तूच. ते एक झालं. पण नुसतं तेवढंच असतं तर मला स्वतःला दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. खरं कारण याहून वाईट आहे. मला वाटलं, ताईचं भलं होतंय. तुझे गुडघे, थंडीतलं ते गार पाणी, भट्टीच्या वाफेनं लाल झालेले डोळे. मला वाटलं, ही स्वतः कधी हो म्हणणार नाही, हिच्या वतीनं आपणच म्हणावं. साहेबांचं काय आणि माझं काय, दोघांनाही तुमचं भलं करायची घाई होती. तुला विचारायला म्हणून सभा भरवली होती, आणि तुझं उत्तर मी दिलं.

मग तू तक्रार लिहून घ्यायला माझ्याकडे आलीस. मदत देणाऱ्यांच्या देशात एक तक्रार कक्ष आहे, तिथे त्यांच्या भाषेत लिहावं लागतं, हे मीच तुला सांगितलं होतं. तू माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून सांगत होतीस आणि मी टेबलाशी लिहीत होतो. पाणी, वाळवणं, गेलेली गिऱ्हाइकं, शेवाळ आलेला जिना, सगळं लिहिलं. शेवटी तू म्हणालीस, ‘आणि लिही, आम्ही हो म्हटलं नव्हतं. तू होतास की तिथे, तुला तर माहीत आहे.’ मी मान हलवली. कागदावर पेनही फिरवलं. पण ते वाक्य मी लिहिलं नाही, ताई. त्या जागी तुझ्या इमारतीचा पत्ता पुन्हा एकदा लिहिला. तू खाली अंगठ्याऐवजी सही केलीस, आणि ती कशी आलीय असं मला दोनदा विचारलंस. सुरेख आली होती.

त्या कक्षातलं कुणी इकडे फिरकलं नाही. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं त्यांनी फाइलीवरून आपलं आयुष्य वाचलं. निकालात तुमच्या हालअपेष्टांची नोंद आहे, खेदही आहे, आणि पुढच्या योजनांत काळजी घेतली जाईल असंही आहे. पण चौदावा परिच्छेद असा आहे: ‘सभेतील एका ज्येष्ठ धोबिणीने, जिला इतर लोक मानतात असे दिसून आले, सर्व माहिती ऐकून घेऊन स्पष्ट शब्दांत संमती दिली व इतरांनी तिचे अनुकरण केले. संमती दिली नव्हती असे तक्रारीतही कोठे म्हटलेले नाही.’ सगळा निकाल या दोन वाक्यांवर उभा आहे. एक वाक्य मी बोललो म्हणून आलं आणि दुसरं मी लिहिलं नाही म्हणून.

हे वाचल्यावर मी त्याच दिवशी त्यांना सगळं खरं लिहून पाठवलं. म्हणजे वरातीमागून घोडं. नऊ दिवसांत उत्तर आलं, हे लोक नकार फार वक्तशीर देतात. नवा पुरावा द्यायची मुदत संपलेली आहे. योजना पूर्ण झाली आहे. उंच बाई ते खातं सोडून गेली आहे. आणि शेवटची ओळ तर मी तोंडपाठच केलीय: सदर दुभाषी हा तक्रारदाराचा सख्खा भाऊ असल्याने त्याची साक्ष निःपक्षपाती मानता येत नाही. मी ‘मान्य आहे’ म्हणालो तेव्हा मी कुणाचा भाऊ हे कुणालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. पोपट झाला म्हणतात तो असा. परवा ऑफिसला जाताना मुद्दाम घाटावरून गेलो. आपल्या दगडांवर फरशी आलीय. तिथे बाकं आहेत, कुंड्या आहेत, आणि एक संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर मदत देणाऱ्या देशाचे आभार आपल्या भाषेत आहेत. ते शब्दही माझेच.

आता गुरुवारचं. चौदावा परिच्छेद मी गाळला तरी उपयोग नाही, त्याची आपल्या भाषेतली प्रत जिन्यात त्या पाटीशेजारी लागणार आहे. ‘ज्येष्ठ धोबीण’ म्हणजे कोण, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळेल. कुणीतरी आतून हो म्हटलं असणार, असं तुम्ही लोक दोन वर्षं बोलताय, आणि तळमजल्यावर घर मिळालं म्हणून त्या बिचाऱ्या इस्त्रीवाल्यावर सगळ्यांचा वहीम आहे. तूही त्याच्याशी बोलत नाहीस. त्यानं काही केलेलं नाही, ताई. गुरुवारपासून ते सगळे डोळे तुझ्याकडे वळतील. आपला घाट तर गेलाच, आता ज्यांच्याबरोबर तू तिथे जन्म काढलास ती माणसंही तुझ्यापासून जायला नकोत. म्हणून तो परिच्छेद वाचला की मी तिथेच सगळ्यांसमोर सांगणार आहे, की हिनं होकार दिला नव्हता, तो हिच्या भावानं दिला. नोकरी जाईल. ते काही मोठं बलिदान नव्हे, उगाच डोळ्यांत पाणी आणू नकोस. लोक माझ्यावर विश्वास ठेवतील की नाही, तेही मला माहीत नाही. बहिणीला वाचवायला भाऊ खोटं बोलतोय, असंही म्हणतील. त्या कक्षाला जसं वाटलं, तसं त्यांनाही वाटेल.

हे पत्र मी माफीसाठी लिहिलेलं नाही. ती मागायचं तोंड मला नाही. लिहिलंय ते एवढ्यासाठी, की सभेच्या शेवटी मला एक छापील कागद भरायचा आहे. त्यात ‘निकालावर लोकांची प्रतिक्रिया’ असा एक रकाना आहे. तू पहिल्या रांगेत बसशील. मी वाचून थांबलो की सगळे तुझ्या तोंडाकडे बघतील, आणि सवयीनं तुझ्या तोंडून तोच शब्द येईल. तो मी रकान्यात लिहिला की तिकडे कुणीतरी शब्दकोश उघडेल आणि आपली फाइल बंद करेल. म्हणून सांगतो, ताई, गुरुवारी ‘बरं’ म्हणू नकोस. ‘नाही’ म्हण. मला शिव्या दे, चप्पल काढ, काही न बोलता उठून जा. जे करशील ते मी जसंच्या तसं लिहीन, लहानपणी चिठ्ठ्या वाचायचो तसं. त्यानं काही बदलणार नाही, दगडांवरची फरशी कुणी उचलणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आणि आता हे पत्र मिटताना, एकटीच आहेस म्हणून, स्वतःशीसुद्धा ‘बरं’ म्हणू नकोस. त्याचा अर्थ मला कळतो. त्या दिवशीही कळत होता.

तू अजून म्हणू देशील तर, तुझाच
पोपट